गालावरचा डाग आणि दारावरची पाटी

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

पावसजवळ आमची हापूसची थोडी कलमं आहेत. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात आंबा उतरवताना देठ तुटला आणि चीक उडून माझ्या उजव्या गालावर आला. बागेतल्या बायकांना याचं नवल नाही. खोबरेल लावायचं आणि पेटी भरायला बसायचं. पण मला आधीच वांग होता, त्यात हा काळा चट्टा, आणि मे महिन्यात पुतण्याचं लग्न. जाऊबाई म्हणाल्या, "औषधाच्या दुकानात एक ट्यूब मिळते, आठ दिवसांत तोंड उजळतं." उजळलं खरंच. लग्नाच्या फोटोत मी चांगली दिसते.

पावसाळ्यात ट्यूब सोडली आणि गालांची आग सुरू झाली. चुलीपुढे बसवेना. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ सालीच केला आहे म्हणे. मला ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळाली, दुसऱ्या वेळी तर दहा रुपये सूट देऊन.

मग मी शहरात गेले. दवाखाना कसा निवडला ते सांगते, कारण नियम करणाऱ्यांना ते ठाऊक नसावं असं वाटतं. एसटी स्टँडपासून चालत जाता येईल असा. तपासणी मोफत. पैसे हप्त्याने. काचेचा दरवाजा, आत गारवा, भिंतीवर आधीचा आणि नंतरचा चेहरा. डिग्री विचारली नाही. आमच्याकडे डॉक्टरला शिक्षण विचारणं म्हणजे पूजेला बसल्यावर भटजींना मंत्र येतात का विचारणं. सहा सिटिंगचं १८,००० रुपयांचं पॅकेज घेतलं, इंग्रजी कागदावर सही केली.

लेझरचं यंत्र एका पांढऱ्या ॲप्रनवाल्या मुलीने चालवलं. पोर गोड होती, तिच्यावर माझा राग नाही. दुसऱ्या सिटिंगला गाल भाजला, फोड आले. डॉक्टर कुठे आहेत विचारलं, तर म्हणाली, "मॅडम कोल्हापूरहून पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी येतात." तो दिवस मंगळवार होता.

शेवटी त्याच शहरात, एका दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. पाटीचा रंग उडालेला, पण नावाखाली एमडी आणि नोंदणी क्रमांक. त्यांनी सगळं बंद करायला लावलं आणि मग समजावलं: कातडीतला रंग लेझरचा प्रकाश शोषून घेतो आणि तापतो, आपल्यासारख्या सावळ्या कातडीत रंग जास्त, म्हणून यंत्र जपून लावायचं, आधी छोट्या जागेवर करून बघायचं. आणि वांगावर लेझर हा पहिला उपाय नव्हेच. आधी ऊन टाळायचं, मलमं लावायची, धीर धरायचा. हे पाच मिनिटांचं बोलणं मला १८,००० रुपयांच्या आधी ऐकायला मिळायला हवं होतं.

आता कायद्याचं. हे मी भाचीला हाताशी धरून वाचून काढलं आहे. आपल्या राज्यात खाटा असलेल्या रुग्णालयांना १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते. २०२१ च्या नियमांनी त्यांना दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं. पण खाट नसली की ही नोंदणी नाही, आणि स्किन क्लिनिकमध्ये खाट कशाला असेल? तिथे खुर्ची असते. केंद्राचा २०१० चा दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही. उरतो २००२ चा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम: डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहावा. नियम चांगला आहे, पण तो डॉक्टरला बांधतो. जिथे मंगळवारी डॉक्टरच नसतो, त्या जागेला कोण बांधणार? काजू बी विकायला नेली तर व्यापाऱ्याच्या काट्यावर वैधमापनचा शिक्का बघता येतो. माझ्या गालावर धरलेल्या यंत्रामागे कोण आहे, हे बघायची सोय नाही.

केस लावण्याच्या शस्त्रक्रियेबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठणकावून सांगितलं की यूट्यूब बघून हे शिकता येत नाही. तसं लेझरबद्दल आणि गोरं करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल आपल्या राज्याने का सांगू नये? ग्लुटाथायोनची इंजेक्शनं कातडी गोरी करण्यासाठी देशात मंजूर नाहीत, तरी लग्नसराईत त्यांची चौकशी मी स्वतः ऐकली आहे, तीही मेंदी काढताना. गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंड बिघडल्याच्या बातम्या २०२३ मध्ये अकोल्याहूनही आल्या आणि केरळातूनही.

माझी मागणी एका पाटीएवढी आहे. जिथे कातडीवर लेझर, सुई किंवा पील (रसायन लावून कातडीचा वरचा थर सोलणं) चालतं, त्या प्रत्येक जागेची खाटा न मोजता नोंदणी करा. दारावर मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरात लिहायला लावा: डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, ते कोणत्या वारी असतात, आणि ते नसताना यंत्र कोण चालवतं. क्रमांक असला की वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पडताळता येतं. भाची ते मिनिटभरात करते. परिषद आणि औषध प्रशासन तुमच्याकडे नाहीत, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, हे मला माहीत आहे. पण एकाच मंत्रालयातल्या दोन दालनांमधलं अंतर पावस ते रत्नागिरीपेक्षा जास्त नसावं.

आणखी एक. रत्नागिरीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांना महिन्यातून एकदा राजापूर, लांजा, गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवता आलं तर बघा. काजूच्या कारखान्यात हात सोललेल्या बायका आहेत, पावसाळाभर नायट्याने हैराण झालेले खलाशी आहेत. त्यांना गोरं व्हायचं नाही, बरं व्हायचंय.

माझा डाग अर्धा उतरला आहे. पॅकेजमधली चार सिटिंग शिल्लक असल्याचा मेसेज अजून दर सोमवारी येतो.

आपली,
एक बागायतदारीण, पावस, जि. रत्नागिरी