उत्तर द्यावे, धाक नको

अमेरिकेतील तरुण मतदारांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख पटला; पण मतदार नोंदणीच्या मोहिमांना राजकीय पक्षच कसा धाक दाखवतात, हेही त्यात यायला हवे होते.

२००४ ची अध्यक्षीय निवडणूक आठवावी. इराक युद्ध सुरू होते. १९७३ मध्ये बंद झालेली सक्तीची लष्करभरती पुन्हा येईल का, ही विशीतल्या मुलांची खरीखुरी धास्ती होती. ‘रॉक द व्होट’ या तरुणांची मतदार नोंदणी करणाऱ्या संस्थेने हाच प्रश्न लावून धरला. त्यावर रिपब्लिकन पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष एड गिलेस्पी यांनी ऑक्टोबरमध्ये, मतदान तोंडावर आलेले असताना, ही मोहीम थांबवा असे कायदेशीर भाषेत बजावणारे पत्र संस्थेला धाडले.

संस्थेचा प्रचार भडक होता, हे मान्य. पण पक्षाकडे चोख उत्तर होते. ५ ऑक्टोबरला प्रतिनिधीगृहाने सक्तीच्या भरतीचे विधेयक ४०२ विरुद्ध २ मतांनी फेटाळले होते आणि अशी भरती होणार नाही, असे पक्षाचे उमेदवार व तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी खुद्द जाहीर वादसभेत सांगितले होते. तेवढेच मतदारांपुढे ठेवायचे होते.

संगीतक्षेत्राचे पाठबळ असलेली ही संस्था नमली नाही. घरोघरी फिरून अर्ज भरून घेणाऱ्या एखाद्या छोट्या गटाला मात्र अशा पत्राला उत्तर द्यायला वकीलही परवडत नाही.

– एक वाचक, ठाणे