प्रोजेक्टर कपाटात आहे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘अमुक शाळा डिजिटल झाली’ अशी बातमी आपल्या अंकात महिन्यातून एकदा तरी असते. फोटो ठरलेला. फीत, नारळ, पडद्यावर रंगीत सूर्यमाला आणि पुढे मांडी घालून बसवलेली लेकरं. आमच्या शाळेचाही असा फोटो छापून आला होता. त्यानंतर काय झालं ते विचारायला कुणी आलं नाही, म्हणून मीच कळवते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट २७. निम्म्याहून जास्त घरं दसरा झाला की कारखान्याला जातात, म्हणजे ऊसतोडीला. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर आमच्याकडे वारंच फिरलं. आम्ही शिक्षक पदरचे पैसे घालून, गाडी करून साताऱ्याचं कुमठे बीट (वेगळ्या पद्धतीनं शिकवण्यासाठी गाजलेला तिथल्या झेडपी शाळांचा गट) पाहून आलो, वर्गाच्या फरशीवर अक्षरं आणि आकडे रंगवले. मग लोकवर्गणी निघाली. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून, म्हणजे ऊसतोडीच्या आगाऊ पैशांतून, लोकांनी कुणी दोनशे, कुणी पाचशे दिले. त्यातून प्रोजेक्टर आला.

दोन वर्षं तो छान चालला, खोटं कशाला बोलू. मग दिवा गेला. नव्या दिव्याची किंमत ऐकून मुख्याध्यापक गप्पच बसले. तीसच्या आत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये. त्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि लाइट बिल. बिल थकलं आणि एका शनिवारी वायरमन येऊन लाइन तोडून गेला. तेव्हापासून प्रोजेक्टर जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात आहे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याचा क्रमांक आहे आणि तपासणीच्या फॉर्मात ‘डिजिटल शाळा’पुढे ‘होय’ लिहिलेलं आहे.

वर्गात खरं तंत्रज्ञान आलं ते माझ्या स्वतःच्या मोबाइलमधून, तेही अपघातानंच.

चौथीत एक मुलगा होता. वाचताना शब्दाखाली बोट धरायचा आणि जोडाक्षर आलं की गिळून पुढे जायचा. मी चूक दाखवली की मान खाली. बाकीची लेकरं हसायची, मग पुढचा आठवडाभर तो वाचायलाच उठायचा नाही. एक दिवस त्याला व्हरांड्यात नेलं, त्याचं वाचन रेकॉर्ड केलं आणि मोबाइल त्याच्याच कानाला लावला. ऐकता ऐकता त्याचं तोंड कडू झालं. ‘मॅडम, मी असा वाचतो?’ मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, ‘आणखी एक बार घ्या.’

त्या तासाला सात वेळा घेतलं. चौथ्या वेळी ‘स्वच्छ’ या शब्दापाशी तो आपोआप थांबला, ओठ हलवून बघितले आणि मग वाचला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी चूक काढली की ती सगळ्या वर्गासमोर निघायची, इथे चूक त्याची त्यालाच सापडत होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं, आणि कुठल्या प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच ‘टिंग’ ऐकू येतं. ग्रुपवर निरोप आला होता, ‘आज ११ पर्यंत माहिती भरावी, अन्यथा…’ पोरगं वाचायचं थांबलं. याच मोबाइलवर पोषण आहाराचे आकडे भरायचे, याच मोबाइलवरून फोटो अपलोड करायचे. रिचार्ज माझा.

दसऱ्यानंतर तो आईबापाबरोबर गेला. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचं सांगून पाहिलं, पण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळायला तोच होता. बापाचा नंबर घेऊन ठेवला होता. संध्याकाळी मी पुस्तकातल्या एका परिच्छेदाचा फोटो पाठवायची आणि रात्री साडेनऊच्या सुमारास त्याचा आवाज यायचा. मागे बहीण रडतेय, ट्रॅक्टर चालू आहे, बाई कुणाला तरी हाका मारतेय. कधी आठ-आठ दिवस काहीच नाही, मग रिचार्ज मारला की एकदम सगळे. गुढीपाडव्याला परत आला तेव्हा बोट न धरता वाचत होता. गणितात मात्र पार मागे पडला होता. भागाकार आवाजावर शिकवता येत नाही, निदान मला तरी जमलं नाही.

असं काही सांगायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, ‘डिसले सरांना जमलं, मग तुम्हाला का नाही?’ माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. त्यांचं कौतुक मलाही आहे. त्यांचा क्यूआर कोड पाठ्यपुस्तकातला धडा घरातल्या मोबाइलपर्यंत पोचवण्यासाठी होता. आमच्या गावात व्हिडिओ चालेल एवढी रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते. म्हणून ‘दीक्षा’ या सरकारी अभ्यासाच्या अ‍ॅपवरचे व्हिडिओ मी रात्री तालुक्याच्या गावी घरी उतरवून घेते आणि सकाळी वर्गात दाखवते. (शिक्षकानं मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहण्याचा विषय कृपया इथे कुणी काढू नये.)

आता शाळांना मोठे स्मार्ट टीव्ही मिळणार अशी चर्चा आहे. आमच्या वाट्याचा टीव्ही दुसऱ्या कुणाला द्या. त्याऐवजी आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, सगळ्या शाळांत मिळून एक दुरुस्ती करणारा माणूस द्या, लाइट बिल अनुदानातून वेगळं काढा आणि शाळेच्या मालकीचा एक साधा मोबाइल रिचार्जसकट द्या. ऑनलाइन माहिती त्यावर मागू नका म्हणजे झालं.

आपल्यालाही एक विनंती आहे. उद्घाटनाची बातमी जरूर छापा, पण वर्षभरानं त्याच शाळेत पुन्हा वार्ताहर पाठवा. आमच्या शाळेपासून सुरुवात केलीत तरी चालेल. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. पाटोदा, जि. बीड
(सेवेत असल्यामुळे कृपया नाव छापू नये.)