सिंधुताई सपकाळ माईंना, एका खानावळवालीकडून

ती. माईंस,
साष्टांग नमस्कार.

४ जानेवारी २०२२ ला तुम्ही गेलात. आता पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्यासारख्या कितीतरी बायकांना तुमचे आभार मानायचे असतील, त्यांच्याही वतीनं लिहिते.

मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. ‘चार दिवसांनी न्यायला येतो’ म्हणाले, ते आलेच नाहीत. पुढे कागदोपत्री सगळं मिटलं, मनातलं मिटलं नाही. रात्री भांडी घासताना मी सासूबाईंशी मनातल्या मनात भांडायचे. जो तो म्हणायचा, झालं गेलं विसरून जा.

तुम्ही विसरा म्हणाला नाहीत. व्याख्यानमालेला आलात, नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून, आणि सगळं सांगत सुटलात. शेण उचलणाऱ्या बायकांना कष्टाचे पैसे मिळावेत म्हणून तुम्ही तोंड उघडलंत, तर त्याचा सूड म्हणून गावातल्या बड्या माणसानं तुमच्या पोटातल्या बाळाबद्दल नको ते उठवलं. भरल्या दिवसांत नवऱ्यानं लाथा घातल्या. गोठ्यात बाळंत झालात, दगडानं ठेचून नाळ तोडलीत. आईनंही दारात उभं केलं नाही. स्मशानात चितेच्या निखाऱ्यांवर भाकरी भाजून खाल्लीत.

ऐकताना वाटत होतं, या बाईला सगळं लख्ख आठवतंय, तरी आवाजात विष कसं नाही? मग कळत गेलं. गाणी म्हणून मिळवलेली भीक तुम्ही एकटीनं खाल्ली नाहीत, स्टेशनावरच्या भिकाऱ्यांत वाटून खाल्लीत. पुढे टाकलेली पोरं गोळा करत गेलात. आपलं-परकं हातून होऊ नये म्हणून पोटची लेक पुण्यात दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवलीत. खरं सांगते माई, हे मला आजही झेपत नाही. त्या लेकीच्या बाजूनं विचार केला की पोटात तुटतं.

पण मला हात दिला तो तुमच्या नवऱ्याच्या गोष्टीनं. म्हातारपणी थकूनभागून तो तुमच्याकडे आला आणि तुम्ही त्याला ठेवून घेतलंत. बायको म्हणून नाही, आई म्हणून. आपलं सगळ्यात मोठं लेकरू म्हणून त्याची ओळख करून द्यायचात. मंडपात टाळ्या पडल्या, मला रडू फुटलं. माफ करायचं म्हणजे पुन्हा त्याच घरात, त्याच जागी जाऊन बसायचं, अशीच माझी समजूत होती, आणि त्या विचारानंच जीव घाबरा व्हायचा. तुम्ही तुमची जागा तुम्हीच ठरवलीत. ते जमलं, कारण तोवर तुमचं घर लेकरांनी भरलं होतं. त्या माणसाकडून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

संगमनेरात माझी कॉलेजच्या पोरांची खानावळ आहे. पोटासाठी काढलेली. तुम्हाला ऐकल्यावर मी ताटांऐवजी तोंडांकडे बघायला लागले. अकोले तालुक्यातल्या पाड्यावरचा एक मुलगा होता. भाकरी संपत आली की तो उरलेला तुकडा बारीक बारीक तोडत बसायचा, ताट रिकामं दिसू नये म्हणून. दुसरी मागायची लाज वाटायची त्याला. मी न विचारता वाढायला लागले. तापानं फणफणला तेव्हा खोलीवर पेज नेऊन दिली. तो ‘मावशी’ म्हणाला, मग सगळेच म्हणायला लागले. त्यांच्या परीक्षा, त्यांचे रुसवे, गावाकडचे फोन, यात रात्रीचं ते भांडण कधी थांबलं ते कळलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या. दवाखान्यात त्यांच्याजवळ कुणी थांबत नाही असं कानावर आलं, तसा मऊ भात आणि मुगाचं वरण घेऊन गेले. हात धरून म्हणाल्या, “घरी ये गं परत.” मी म्हणाले, “डबा रोज येईल. मी येणार नाही.” आवाज चढला नाही, डोळेही भरले नाहीत. त्या बऱ्या होईपर्यंत डबा गेला. माई, असं बोलायचं बळ मला तुमच्याकडून मिळालं.

यंदा पोरं आणि मी मिळून दिवाळीचा फराळ करतोय, कुंभारवळणच्या ममता बाल सदनातल्या तुमच्या लेकरांसाठी. चकल्या पोरांनी पाडल्यात, पण भाजणी माझी आहे, खुसखुशीत होतील.

तुमची,
संगमनेरची एक लेक