मांडव्याच्या लाँचचा धूर

गेटवेहून मांडव्याची लाँच सुटली की मागच्या बाकांवरचे प्रवासी नाकाला रुमाल लावतात. डिझेलचा धूर, पाण्यावर तेलाचा तवंग, सगळे अंगवळणी पडले आहे. तिकडे कोचीत एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रोच्या मुख्यतः बॅटरीवर चालणाऱ्या बोटी धावत आहेत, त्याही तिथल्याच गोदीत बांधलेल्या. कोचीचे पाणी संथ, आपल्याकडे लाटा, हे मान्य. मग निदान घारापुरीच्या फेरीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे? पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंदच असतात. धक्क्यावर चार्जिंगची सोय तेव्हा उभारता येईल. खर्च मात्र एकट्या लाँचमालकांच्या माथी मारू नये. तिकीट वाढले तर रोज ये-जा करणारा अलिबागकरच भरडला जाईल.

– एक प्रवासी, अलिबाग