म्हातारीचा अंगठा

उदगीर,
6 एप्रिल

प्रिय विजू,

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "सरकारी बँकेतली नोकरी, तुला खुपतंय काय?" शेजारी सीमा बसली होती, म्हणून मी हसून विषय बदलला. आता ती झोपलीय.

मार्च एंड उरकला. 31 तारखेला शाखेला कुलूप लावलं तेव्हा पावणेबारा वाजले होते. त्याचं एवढं काही नाही, दरवर्षीचंच आहे. सांगायचंय ते परवाचं. श्रावणबाळचे दीड हजार न्यायला एक म्हातारी आली होती. अंगठा मशीनवर उमटेना. जन्मभर खुरपणी केलेल्या हाताला रेषा राहतात कुठे? एरवी मी ओला रुमाल देतो, दुसरं बोट लावून बघतो. परवा मागे रांग, कानाला झोनल ऑफिसचा फोन, किती इन्शुरन्स विकला त्याचा आकडा विचारत होते. मी खेकसलो, "उद्या या!" ती म्हणाली, "बरं बाबा," आणि पदराला अंगठा पुसत निघून गेली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, हेही मला सुचलं नाही. आणि विजू, मला काहीच वाटलं नाही. काही वाटलं नाही याचीच रात्री भीती वाटली.

बीपी 160/100 निघालंय. डॉक्टर म्हणाले, बर्नआउट. मी शोधून वाचलं. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते, असं तिने 2019 साली स्पष्ट केलं. लक्षणं तीन: शीण, कामाविषयी तुटलेपण, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसऱ्या लक्षणापाशी म्हातारी आठवली. त्याच संघटनेने 2021 साली सांगितलंय की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला, 35-40 तास काम करणाऱ्यापेक्षा, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. मी माझे तास मोजले, 64 भरले. दुसरा-चौथा शनिवार सुट्टीचा म्हणे! त्या दिवशी कर्जवसुलीला गावोगाव फिरायचं असतं.

शाखेत मंजूर माणसं सात, हजर चार. दिवाळीनंतर आलेली पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) पोरगी, मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून बाँडचे दोन लाख भरून गेली. घरच्यांनी कर्ज काढून भरले. हुशार होती, कामसू होती, म्हणून सगळी कामं तिच्याच टेबलावर. कामचुकार माणूस टिकतो रे, राबणारं आधी जातं. ती गेली आणि सोन्याच्या कर्जाच्या तिजोरीची तिच्याकडची चावी माझ्याकडे आली. आमच्या वरचे लोक पेन्शनकडे डोळे लावून दात आवळून टिकले. मी 2011 चा, एनपीएसवाला, म्हणजे जुनी ठरलेली पेन्शन नाही. मला धरून ठेवायला तेही नाही.

राजीनामा लिहून ठेवलाय. नोटीस तीन महिन्यांची. पण आज आमचा शिपाई चहा ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, तुम्ही तर नाही ना जाणार?" त्याला कुठून वास लागला कोण जाणे. मी गेलो तर तीन माणसांत शाखा. हा हिशेब मी का करतोय, हेही कळत नाही. वरचे तर करत नाहीत.

येत्या शनिवारी वसुलीला बोलावलंय. मी जाणार नाही. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला येतोय, सकाळी स्वारगेटला ये. सीमाला मीटिंग म्हणून सांगितलंय, तूही तेच सांग.

तुझा,
बाळ्या

ता. क. म्हातारी आज आली होती. चौथं बोट लागलं.