एअरबॅगची बातमी येते, बेल्टची का येत नाही?

महोदय,

मोटारीच्या अपघाताच्या बातमीत एअरबॅग उघडल्या की नाही, हे हमखास लिहिलेले असते. मागच्या सीटवरील प्रवाशांनी बेल्ट लावला होता का, हे क्वचितच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ मोटार अपघातात मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा यावर बरीच चर्चा झाली, मग सारे थंडावले.

ताशी ५० कि.मी. वेगाने मोटार भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग ६० सेंमी चेपला, असे धरू. बेल्ट लावलेला माणूस मोटारीबरोबरच थांबू लागतो. ७० किलोच्या माणसावर तेव्हा सरासरी अकराशे किलोच्या आसपास भार येतो. तो छाती आणि कंबरेच्या हाडांवर विभागला गेला तर बहुतेक निरोगी माणसे तो सोसतात. बेल्ट नसलेला मात्र मोटार थांबली तरी त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोरची वस्तू जेवढी दबेल तेवढ्यातच थांबतो. ते अंतर ६ सेंमी असेल तर भार दहापट. मागे बसलेल्याच्या बाबतीत ही समोरची वस्तू म्हणजे पुढची सीट आणि तीत बसलेला माणूस. पुढच्याने बेल्ट लावला असला तरी पाठीमागून येणारा हा धक्का त्याला चुकत नाही.

बेल्ट नुसता अडकवूनही भागत नाही. खालचा पट्टा कंबरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या दोन हाडांच्या खाली, मांडीलगत हवा. तो पोटावर असेल किंवा सीट मागे पाडून झोपले असाल, तर धडकेत कंबर पट्ट्याखालून पुढे सरकते आणि पट्टा मऊ पोटात रुततो. आतडी फाटतात, कमरेचा मणका दुभंगतो. गरोदर स्त्रियांनी तर पट्टा पोटाच्या खालूनच घ्यायला हवा. वरचा पट्टा टोचतो म्हणून काखेखालून घेणे हा आणखी एक प्रकार. तिथे भार खालच्या बरगड्यांवर पडतो, त्यांच्याआड यकृत आणि प्लीहा असतात. बेल्ट न लावताच बक्कलात खोचून त्याचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा तर निव्वळ आत्मघात! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या कारवाईनंतर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांवरून त्यांच्या १३,११८ जाहिराती हटल्या होत्या.

२०२२ मध्ये देशात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण दगावले, त्यांतले ८,३३१ चालक नव्हे तर प्रवासी होते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. असे आकडे शेवटी घटनास्थळच्या नोंदीवरच उभे असतात, म्हणून पंचनाम्यात प्रत्येक सीटच्या बेल्टची स्थिती स्वतंत्र लिहायला हवी. पुरावा डोळ्यांना दिसतो. बेल्ट लावलेला असताना जोराची धडक झाली, तर दाराशेजारच्या खांबावर पट्टा ज्या कडीतून येतो तिथे तो घासून चकाकतो, कधी वितळल्यासारखा दिसतो. बक्कलात जाणाऱ्या जिभेच्या प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात. बेल्ट आवळणारे स्फोटक यंत्र उडालेले असेल, तर तेव्हा लावलेला पट्टा बाहेरच लोंबत राहतो, न लावलेला खांबाला ताठ चिकटतो. कापलेला पट्टा दिसला, तर सुटका करणाऱ्यांनी कापला का, ते विचारावे. हे सारे क्रेनने वाहन हलवण्याआधी, फोटोसह.

शवविच्छेदनातही अंगावर उठलेल्या बेल्टच्या वळाची दिशा नोंदवावी. आपल्याकडे चालकाच्या अंगावर तो उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जातो, शेजारच्याच्या अंगावर उलटा. गाडी कोण चालवत होते, हा वाद त्यावरून अनेकदा मिटतो. आणि वाचलेल्या जखमीच्या पोटावर असा आडवा वळ असेल, तर तो चालता-बोलता असला तरी घरी सोडू नये. आतड्याची इजा काही तासांनी उघडी पडू शकते.

आपल्या वार्ताहरांनी पोलिसांना एवढे एकच विचारावे : कोणत्या सीटवर कोण होते आणि त्या सीटचा बेल्ट कसा सापडला?

– वाहनसुरक्षा क्षेत्रातील एक अभियंता, पुणे