आडोशासाठी कोनोकार्पस नको

महोदय,

सोलापूरकडील नव्या वसाहतींत आडोशासाठी सर्रास कोनोकार्पस हा परदेशी सदाहरित वृक्ष लावला जातो. तो झपाट्याने वाढतो हे खरे. परंतु त्याची मुळे जलवाहिन्यांत शिरतात आणि परागकणांमुळे श्वसनाचे विकार बळावतात, या कारणांवरून गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, याची दखल आपल्याकडेही घ्यायला हवी.

आम्ही पहिल्या पावसावर मेंदी आणि अडुळशाच्या वीतभर काड्या हाताहाताच्या अंतरावर दोन ओळींत, दुसऱ्या ओळीतील काडी पहिलीच्या फटीसमोर येईल अशा लावल्या. शेंडे वारंवार खुडल्याने त्या बुंध्यापासूनच दाटल्या आणि दुसऱ्या दिवाळीपर्यंत रस्त्यावरून ओटा दिसेनासा झाला. अडुळशाला शेळ्याही तोंड लावत नाहीत, ही आमच्या भागात मोठीच सोय. रोपवाटिकांनी ही रोपे दर्शनी भागात ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर